विलायती पानगळ आणि आपला पातेरा : वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधल्या जुन्या बागांवर आम्ही एक टिपण छापलं, त्यावर कोकणातून बरीच पत्रं आली. निम्म्या पत्रांत प्रवासाचे प्रश्न आहेत, निम्म्यांत परसातल्या झाडांचे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमची भातकापणी दसऱ्याला सुरू होते, झोडणी आटोपेपर्यंत दिवाळी येते. नोव्हेंबरच्या मध्याला इंग्लंडला गेलो तर लाल-पिवळी झाडं बघायला मिळतील ना? मुलगी म्हणते, उशीर होईल.
— एक वाचक, लांजा

उत्तर : मुलगी बरोबर सांगते. दक्षिण इंग्लंडच्या बागांसाठी १५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर हे दिवस धरावेत, आणि शक्य असेल तर मुक्कामाचा मधला भाग २० ते ३० ऑक्टोबरमध्ये बसवावा.

सगळी झाडं एकाच दिवशी रंगत नाहीत. कात्सुरा हे जपानी झाड सप्टेंबरच्या अखेरीलाच पिवळं-गुलाबी होऊ लागतं. त्यामागून ट्युपेलो, मग जपानी मेपल. ऑक्टोबर संपताना बीच, गिंको आणि ट्युलिप ट्री पिवळे होतात. (बीच हे झाडाचं नाव आहे. किनारा शोधू नका, तो आपल्याकडे भरपूर आहे.) ओक आणि दलदलीतला सायप्रस सर्वांत मागे, नोव्हेंबरात. म्हणजे १५ नोव्हेंबरला पोचलात तर तांबूस-तपकिरी रंग झाडावर दिसेल, लाल मात्र बहुतेक जमिनीवर पडलेला असेल.

दिवाळीशी हा प्रवास बांधू नये. ती कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि मेपलला आपलं पंचांग माहीत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे घेतात. भारताशी साडेचार तासांचं अंतर साडेपाचावर जातं. त्या आठवड्याआधी लंडनला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, नंतर साडेचार-पावणेपाचला, आणि नोव्हेंबरच्या मध्याला सव्वाचारलाच. बागा त्याआधी बंद होऊ लागतात, त्यामुळे दुपारचं जेवण करून निघणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात बहुतेक शाळांना सुट्टी असते, तेव्हा शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार धरावा.

काही वेळा हे गणित चुकतं, त्याची तीन कारणं आहेत. उन्हाळा कोरडा गेला की झाडं लवकर पानं टाकतात आणि ती तपकिरीच पडतात. गोठवणारं दव लवकर पडलं तर लाल व्हायच्या आतच पान मरतं. आणि अटलांटिकवरून एखादं वादळ आलं की एका रात्रीत फांद्या उघड्या पडतात. त्यासाठी आठ दिवसांत दोन दिवस मोकळे ठेवा, आणि हवामानाचा अंदाज बघताना पावसापेक्षा वाऱ्याकडे लक्ष द्या.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. गणपती आटोपल्यावर बघू म्हणाल तर फार ताणाताण होईल. जुलैच्या अखेरीला, लावणी संपली की अर्जाला बसावं.

प्रश्न : लंडनला भाचीकडे आठ दिवस राहणार आहोत. आईचं वय ७२, गुडघे दुखतात. इंटरनेटवर बागांच्या याद्या इतक्या मोठ्या आहेत की काही सुचेनासं झालंय. नेमक्या कोणत्या बघाव्यात?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आठ दिवसांत तीन बागा बघा, सहा बघू नका. या बागा फिरत फिरत बघायच्या म्हणून आखलेल्या आहेत. वळण घेतलं की नवा देखावा समोर यावा, ही त्यांची रचना. घाईने एक फेरी मारून फोटो काढले तर त्यातलं निम्मं हातून जातं.

पहिली क्यू गार्डन्स. राजघराण्याच्या या बागेत वनस्पतिशास्त्राचं काम १७५९ पासून सुरू झालं असं मानतात, आणि २००३ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट लाइनने क्यू गार्डन्स स्टेशनला उतरायचं, तिथून चालत पाच-सात मिनिटं. वाटा सपाट, बाकं जागोजागी. विमानाचा शीण असतो त्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी हीच बरी. झाडांच्या शेंड्यांतून जाणारा १८ मीटर उंचीचा पूल तिथे आहे, त्यावरून रंगलेली झाडं वरून दिसतात. लिफ्ट चालू आहे ना, हे फाटकावरच विचारून घ्या. १८४८ साली पूर्ण झालेल्या पाम हाऊसमध्ये शिरलात की चष्म्यावर वाफ धरेल आणि समोर ओळखीची झाडं दिसतील. माड बघायला तिकीट काढावं लागतं याची गंमत आईला नक्की वाटेल.

दुसरी ससेक्समधली शेफील्ड पार्क. पानगळीसाठी एकच बाग बघायची असेल तर आमचं मत हिला. १८व्या शतकात केपेबिलिटी ब्राऊन आणि त्याच्यानंतर हंफ्री रेप्टन या बागा आखणाऱ्या दोघांनी इथे काम केलं, पण लाल रंग त्यांचा नव्हे. १९१० साली आर्थर सोम्स यांनी ही जागा घेतली आणि शरदात रंग दिसावा म्हणून मुद्दाम झाडं लावली, त्यांत अमेरिकेतला ट्युपेलो फार. तळ्यांच्या काठाने लावल्यामुळे प्रत्येक झाड दोनदा दिसतं, एकदा काठावर आणि एकदा पाण्यात. काठावरच्या दलदली सायप्रसच्या बुंध्याभोवती गुडघ्यांसारखे खुंट वर आलेले असतात. खाडीतल्या तिवरांची श्वासमुळं पाहिलेल्यांना ते लगेच ओळखीचे वाटतील. वाटा बऱ्याचशा सपाट आहेत, म्हणून आईसाठीही हीच सोयीची. १९५४ पासून बाग नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. क्रिकेटवाल्यांसाठी एक जोड : ऑस्ट्रेलियातली शेफील्ड शील्ड ज्यांच्या नावाने आहे, त्या लॉर्ड शेफील्ड यांची ही जागा.

जायचं असं : लंडन व्हिक्टोरियाहून ईस्ट ग्रिन्स्टेड, सुमारे तासाभराचा प्रवास. तिथून ब्लूबेल रेल्वेची वाफेची गाडी थेट शेफील्ड पार्क स्टेशनपर्यंत जाते, पुढे चालत. ही गाडी रोज धावत नाही, त्यामुळे तारीख ठरवण्याआधी तिचं वेळापत्रक पाहा. गाडी नसेल त्या दिवशी हेवर्ड्स हीथला उतरून टॅक्सी.

तिसरी विल्टशरमधली स्टाउरहेड. हिला पूर्ण दिवस द्या. हेन्री होर हा बँकवाल्या घराण्यातला. त्याने १७४० च्या दशकापासून बाग घडवायला घेतली, स्टाउर नदीच्या उगमाजवळ बांध घालून तळं केलं आणि काठाने देवळं, गुहा, पूल बांधत नेले. आपल्या गावतळ्याभोवती देवळं असतात तसं वाटेल, फक्त इथे पूजा कोणाची नाही. सगळं देखाव्यासाठी. गंमत अशी, की मूळ मालकाच्या मनात लाल रंग नव्हताच. त्याने बीच आणि सूचिपर्णी झाडांच्या हिरव्या-काळपट छटा एकमेकींसमोर ठेवल्या होत्या. परदेशी झाडं त्याच्या नातवापासून पुढच्या पिढ्यांनी आणली. आज ज्याला आपण ‘अस्सल इंग्रजी शरद’ म्हणतो त्यातला लाल भाग अमेरिका, जपान आणि चीनमधून आलेला आहे. इंग्लंडची स्वतःची झाडं बहुतेक पिवळी आणि तपकिरीच होतात. आपला काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला आणि तो कोकणचा झाला, तसंच हे.

फेरी दोन-अडीच किलोमीटरची आहे. तळं डाव्या हाताला ठेवून चालावं, म्हणजे देखावे आखलेल्या क्रमाने येतात : आधी फ्लोराचं देऊळ, मग गुहा, मग घुमटाचं पँथिऑन, शेवटी अपोलोचं देऊळ. गुहेत पायऱ्या आणि ओल आहे, अपोलो टेकडीवर आहे. आईंनी ही दोन्ही सोडली तरी चालेल. गावाकडच्या दगडी पुलाशेजारी बसलं की तळ्यापलीकडचं पँथिऑन समोर दिसतं, आणि खरा देखावा तोच. त्याच्यावर सकाळचं ऊन पडतं, दुपारनंतर सूर्य त्याच्या मागे जातो. तेव्हा पहिली गाडी पकडा.

आता एक खाचखळगा. स्टाउरहेडचं जवळचं स्टेशन गिलिंगम, डॉर्सेट. वॉटर्लूहून दोन तास. याच स्पेलिंगचं एक स्टेशन केंटमध्येही आहे, त्याचा उच्चार ‘जिलिंगम’. ऑनलाइन तिकीट काढताना जिल्हा वाचला नाही तर तुम्ही लंडनच्या दुसऱ्याच दिशेला जाऊन पोचाल. स्टेशन ते बाग सहा-सात मैल आहे. आपल्याकडे गाडी आली की रिक्षावाले फाटकाशी उभे असतात, तसं तिथे गृहीत धरू नका. टॅक्सी आदल्या दिवशी फोनवर ठरवा, आणि परतीचीही तेव्हाच.

पैशांचं : आईंना सीनियर रेलकार्ड काढा. वय ६० च्या पुढे असलं की पासपोर्ट दाखवून मिळतं आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. १६ वर्षांवरची दोन माणसं सतत बरोबर फिरणार असतील तर टू टुगेदर रेलकार्ड. ते सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही, म्हणून स्टाउरहेडच्या दिवसाचा हिशेब वेगळा करा. शेफील्ड पार्क आणि स्टाउरहेड दोन्ही नॅशनल ट्रस्टच्या आहेत. चार माणसं असतील तर सुट्या तिकिटांची बेरीज आणि वार्षिक कौटुंबिक सदस्यत्व यांची तुलना करून पाहा, सदस्यांना पार्किंगही माफ असतं.

आणि वेस्टनबर्ट? ग्लॉस्टरशरमधला हा वृक्षसंग्रह रॉबर्ट होल्फर्ड यांनी १८२९ मध्ये सुरू केला. जपानी मेपलसाठी त्याच्या तोडीचं ठिकाण इंग्लंडात शोधावं लागेल. पण तो ६०० एकरांवर पसरलेला आहे, केंबल स्टेशनपासून पुन्हा टॅक्सी, आणि ऑक्टोबरच्या रविवारी प्रचंड गर्दी. झाडांचं वेड असेल आणि पाय धडधाकट असतील तरच.

प्रश्न : तिकडे सारखा पाऊस असतो म्हणतात. छत्री न्यावी की रेनकोट?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : लंडनला वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीला ३००० च्या वर. तिथल्या पावसाला कोकणी माणसाने घाबरू नये. त्रास होतो तो वाऱ्याचा. त्यात छत्री उलटी होते, आणि आपला पावसाळी जाड रेनकोट आतून घामाने भिजवतो. टोपीचं पातळ विंडचीटर, आत लोकरीचं किंवा फ्लीसचं, त्याखाली अंगाबरोबरचा थर्मल. सुती बनियन नको, ओलं झालं की वाळत नाही आणि गारठवतं. ऑक्टोबरात दुपारी १५ अंश, पहाटे ८-९ इतकंच असतं. बुटांचे तळवे मात्र खाचांचेच हवेत. ओल्या पानांखालची फरसबंदी शेवाळलेल्या पाखाडीइतकी निसरडी होते, आणि बागेतली बहुतेक पडझड तिथेच होते.

प्रश्न : आमच्या शाळेमागच्या देशी बदामाची पानं लालभडक होऊन गळतात. मुलं विचारतात, मग आंबा, फणस, काजू का लाल होत नाहीत? आणि इंग्लंडात सगळी झाडं एकदम कशी रंगतात?
— एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : मुलांना तीन रंगांपासून सुरुवात करून सांगा.

हिरवा रंग हरितद्रव्याचा. ते उन्हात सतत मोडतं आणि पान ते सतत नवं बनवतं. दिवस लहान आणि रात्री गार होऊ लागल्या की झाड हा खर्च थांबवतं, पानातलं नत्र खोडाकडे परत ओढून घेतं आणि देठाच्या बुडाशी बुचासारखा थर धरू लागतं.

पिवळा रंग नवा येत नाही. तो पानात आधीपासून असतो, गाजर-पपईतल्या रंगाच्याच कुळातला. हिरवा ओसरला की खालचा दिसतो, एवढंच. म्हणून पिवळी पानं दरवर्षी भरवशाची असतात.

लाल रंग मात्र मरणाऱ्या पानात नव्याने बनतो. रातांब्याच्या सालीत आणि जांभळात जो रंग आहे त्याच जातीचा. तो बनायला पानात साखर लागते, आणि साखरेला ऊन. रात्र गार असली, पण पाणी गोठण्याइतकी नाही, तर देठाशी थर धरू लागल्यामुळे साखर पानातच अडकते आणि लाल चढतो. लख्ख दिवस आणि २ ते ७ अंशांच्या रात्री असा पंधरवडा मिळाला की लाल गडद. ढगाळ, उबदार ऑक्टोबर असला की तेच झाड फिकट. एकाच मेपलची दक्षिणेकडची बाजू लाल आणि सावलीतली पिवळी दिसते ती याचमुळे.

आता आंबा. तो सदाहरित. त्याचं पान वर्षाहून जास्त टिकतं आणि थोडं थोडं गळतं, त्यामुळे सगळ्या पानांना एकदम निघण्याची वर्दी मिळतच नाही. आपल्याकडे पानझडी झाडं आहेत : ऐन, शेमट, सावर, पांगारा. पण ती थंडीने नाही तर पाण्याच्या टंचाईने पानं टाकतात, शिशिरात. रत्नागिरीत जानेवारीची रात्रही साधारण १८-१९ अंशांची. पान वाळतं, पिवळं पडतं, गळतं, लाल व्हायला कारणच मिळत नाही. देशी बदाम, तामण आणि खाडीकाठचा गेवा ही त्यातली ठळक अपवादाची झाडं. (गेव्याची लाल पानं मुलांना दुरूनच दाखवा. त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार इजा होते.)

कार्तिकात डोंगरउतारावर किंजळीची झाडं गंजलेल्या रंगाची दिसतात, ती मात्र पानं नव्हेत. ती पंखवाली फळं आहेत. इंग्रजी पानगळीचे फोटो पाहिलेले पाहुणे इथे हमखास फसतात.

कोकणात लाल रंग पालवीत असतो. कुसुंब फेब्रुवारी-मार्चमध्ये इतका लाल होतो की लांबून फुलला आहे असं वाटतं. आंब्याची पालवी तांबूस, नागचाफ्याची गुलाबी, सीताअशोकाची लोंबती तपकिरी, पिंपळाची तांबट. रसायन तेच, वेळ उलटी. कोवळ्या पानाचं हरितद्रव्य पुरतं तयार होईपर्यंत हा रंग त्याला कडक उन्हापासून सांभाळतो. मुलांना वर्गात कळेल असा प्रयोग : बदामाचं लाल पान आणि कुसुंबाची पालवी, प्रत्येकी थोडी, वेगवेगळ्या वाटीत गरम पाण्यात कुस्करा, गाळा, त्यात लिंबू पिळा. लाल खुलेल. दुसऱ्या भागात चिमूटभर खायचा सोडा टाका, रंग निळसर-हिरवट किंवा मळकट होईल. पिवळ्या पानाच्या पाण्यात असं काही होत नाही.

प्रश्न : दापोलीत बंगल्याच्या आवारात जपानी मेपल लावायचा आहे. रोप ऑनलाइन मिळतं. इथे थंडी चांगली पडते, येईल का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : येईल आणि जाईल. दापोलीची थंडी आपल्याला वाजते, मेपलला नाही. त्याला कळ्या नीट फुटण्यासाठी ७ अंशांखालचे शेकडो तास लागतात. दापोलीत असे तास मोजायला बोटंही जास्त होतील. पहिल्या वर्षी रोप बरं दिसतं, कारण ते थंड प्रदेशातली शिदोरी घेऊन आलेलं असतं. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपतात, खारा वारा ते काम पुरं करतो, आणि जुलैत मुळं कुजतात. ‘निळ्या मेपलचं बी’ अशी जाहिरात दिसली तर पुढेही वाचू नका. निळा मेपल जगात नाही.

त्याऐवजी तामण लावा. महाराष्ट्राचं राज्यफूल, उन्हाळ्यात जांभळी फुलं, आणि थंडीत गळण्याआधी पानं तांबडी-नारिंगी. मूळ ओढ्याकाठचं झाड असल्यामुळे आपल्या पावसाने मरत नाही. मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. जांभा लागला तर पहारीने तळ फोडा, नाहीतर खड्डा कुंडीसारखा होतो, मुळं गोल फिरतात आणि तिसऱ्या वर्षी वाढ थांबते. वरची माती आणि दोन घमेली जुनं शेणखत मिसळून भरा. पहिले चार-पाच पाऊस पडून गेल्यावर रोप लावा, खड्ड्याची माती जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवा, समुद्राच्या बाजूने काठी रोवून सैल बांधा. दोन झाडांत १५ ते २० फूट. पहिले दोन उन्हाळे तीन-चार दिवसांनी १०-१५ लिटर पाणी. पण डिसेंबरात पाणी तोडा. पाणी देत राहिलात तर झाड पानं धरून ठेवतं आणि रंग येत नाही. बऱ्याच बागांत तामण हिरवाच राहतो त्याचं कारण हे असतं.

जागा मोठी आणि समुद्र जवळ असेल तर देशी बदाम. खारा वारा सोसतो, फांद्या मजल्यांसारख्या आडव्या पसरतात. घरापासून २५ फूट तरी लांब लावा. जवळ लावलात तर मुळं फरशा उचलतात आणि ती पसरट पानं पन्हळ बुजवतात.

प्रश्न : मोबाइलवर पानगळीचे फोटो काढले की रंग फिके येतात. डोळ्याला दिसतं ते का येत नाही?
— एक वाचक, मालवण

उत्तर : पानाचा पृष्ठभाग आकाश परावर्तित करतो, त्याचा पांढरा थर रंगावर बसतो. कॅमेऱ्याला पोलरायझर लावून तो फिरवला की हा थर जातो. मोबाइलवर सोपं म्हणजे सूर्य पानांच्या मागे येईल असं उभं राहायचं. पान कंदिलाच्या काचेसारखं उजळतं. मग पडद्यावर दिसणाऱ्या पानावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. कॅमेरा गडद झाडी बघून चित्र उजळवतो, आणि लाल धुपतो. व्हाइट बॅलन्स ‘ढगाळ’वर ठेवा. ऑटोवर ठेवला तर तो सोनेरी उजेडाला चूक समजून निळा करतो. पाऊस पडून गेल्यावरचा अर्धा तास सर्वांत चांगला. थंडीतून पाम हाऊसमध्ये शिरताना कॅमेरा दहा-पंधरा मिनिटं पिशवीतच राहू द्या, भिंगावर दव धरतं.

आणि प्रत्येक फोटोत सगळी झाडं मावलीच पाहिजेत असं नाही. कात्सुराच्या गळलेल्या पानांना जळक्या साखरेचा वास येतो, गुऱ्हाळावर काकवी कढत असावी तसा. तो फोटोत येणार नाही, तेव्हा मोबाइल खिशात ठेवून तिथे दोन मिनिटं उभे राहा.

प्रश्न : तिथली पानं, ओकची फळं आठवण म्हणून आणता येतील का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : बी, फळ, फांदी, मुळासकटचं काहीही आणू नका. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परदेशातून बियाणं आणि रोपं आणायला परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे. पानांतूनही बुरशी येऊ शकते. जातानाचंही लक्षात ठेवा : पेढे, खवा, तूप, मटण असले दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये सामानातून नेता येत नाहीत. ताज्या फळांचे नियम बदलत असतात, निघण्याआधी सरकारी यादी पाहा.

पानंच जपायची तर जानेवारीत पुळणीवरच्या बदामाची घ्या. नुकतं गळलेलं, कोरडं, डाग नसलेलं पान निवडा. जाड देठ ब्लेडने अर्धं तासा, नाहीतर तिथे ओल राहून बुरशी धरते. बटरपेपरच्या दोन थरांत ठेवून मंद इस्त्री, वाफ बंद, एकेका बाजूने १५-२० सेकंद, गार होऊ द्या, पुन्हा एकदा. मग वर्तमानपत्रात वजनाखाली आठवडाभर, कागद रोज बदला. कोकणात ही शेवटची पायरी गाळली की पान तपकिरी होतं, कारण हवेतली ओल त्याला वाळू देत नाही. फ्रेम करणार असाल तर उन्हाच्या भिंतीवर लावू नका, लाल रंग उजेडात उडतो.

प्रश्न : एवढी पानं पडतात तर इंग्लंडात त्यांचं काय करतात? आमच्या आंबा-काजूच्या बागेत पातेऱ्याचे ढीग होतात, आम्ही राब भाजायला वापरतो किंवा जाळून टाकतो.
— एक बागायतदार, राजापूर

उत्तर : वाटांवरची आणि हिरवळीवरची गोळा करतात, झाडांखालची बरीचशी तशीच ठेवतात. गोळा केलेली जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात रचून ओली ठेवतात आणि विसरतात. दीड-दोन वर्षांनी काळी, भुसभुशीत माती होते. हे शेणखतासारखं जोरदार खत नव्हे, पण माती धरते, पाणी धरते. तिथे दोन वर्षं लागतात ती थंडीमुळे. पान कुजवतात त्या बुरशा गारठ्यात संथ चालतात.

आपल्याकडे ऊब आहे, त्यामुळे फेब्रुवारीत रचलेला ढीग दिवाळीच्या सुमाराला तयार होतो. खड्डा करू नका. जुलैत तो विहीर होईल आणि पानं कुजण्याऐवजी सडतील. उंच जागेवर, सावलीत, मीटरभर रुंद आणि तेवढाच उंच ढीग. आंब्या-काजूचं पान चामड्यासारखं जाड असतं, म्हणून ते आधी कोयत्याने किंवा पायांनी तुडवून मोडा. वीतभर पातेरा, त्यावर पातळ शेणकाला आणि मूठभर माती, असे थर. मेपर्यंत आठवड्यातून एकदा पाणी : मुठीत दाबलं तर ओल जाणवावी, पण थेंब गळू नये. मृगाआधी वरून माडाचे झाप टाका, नाहीतर पावसाने सत्त्व वाहून जातं. गणपतीनंतर एकदा ढीग पलटा. मधे कोरडा भाग दिसला तर तिथे वाळवी लागते, तेवढा ओला करून घ्या. कीडलेली, करपा पडलेली पानं मात्र या ढिगात नकोत, ती वेगळी जाळलेली बरी.

तयार झालेलं खत कलमांच्या आळ्यात दोन-तीन बोटं जाडीचं पसरा, खोडाला चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी सोडा. ढीग पलटताना आणि उपसताना दाताळं वापरा, पायात गमबूट घाला. पातेऱ्यात फुरसं असतं आणि त्याचा रंग वाळल्या पानाचाच असतो.